सात तारांची परंपरा

इसवी सन १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेतून ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने सूर्यमालेच्या पलीकडील प्रवासाला निघाली. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे. पृथ्वीवर मानव नावाचा प्राणी होता, तो बोलत असे आणि गात असे, ही साक्ष अवकाशात कोणाला तरी मिळावी, हा त्या तबकडीचा हेतू. तिच्यावर भारताच्या वाट्याला एकच गाणे आले. ते गाणे गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी होय. चीनच्याही वाट्याला एकच वादन आले. ते ग्वान पिंगहू या वादकाने ‘गूछिन’ या सात तारांच्या वाद्यावर वाजविलेले ‘ल्यू श्वेई’, म्हणजे ‘वाहते पाणी’. साडेसात मिनिटांहून किंचित अधिक काळ चालणारे हे वादन त्या तबकडीवरील सर्वांत दीर्घ संगीत आहे. ते घ्यावे असे कोलंबिया विद्यापीठातील चिनी संगीतकार चौ वेन-चुंग यांनी सुचविले होते.

ही याने निघाली तेव्हा ग्वान पिंगहू यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. केसरबाईंचे निधनही पुढे थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजी झाले. गाणारा जातो, वाजविणारा जातो आणि ध्वनिमुद्रिका तेवढी उरते. परंतु ध्वनिमुद्रिका उरली म्हणजे कला उरली असे होते काय? हा प्रश्न केवळ संगीताचा नाही, संस्कृतीचा आहे. मंदिर, स्तूप, शिल्प, ताम्रपट हा वारसा हाताला लागतो. पण गळ्यातला स्वर, बोटांतली युक्ती, कारागिराच्या मनगटातला अंदाज हा वारसा दिसत नाही, तो माणसाबरोबर चालतो आणि माणूस थांबला की थांबतो. अलीकडे त्याला ‘अमूर्त वारसा’ असे नाव मिळाले आहे. चीनसारख्या प्राचीन देशाने हा वारसा कसा राखला, कोठे गमावला आणि कोठे पुन्हा मिळविला, हे पाहावयाचे तर गूछिनच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

गूछिन हे वीणेच्या दूरच्या नात्यातले, पण तुंबा नसलेले आणि पडदे नसलेले वाद्य आहे. सुमारे चार फूट लांबीच्या दोन फळ्या एकमेकींवर जोडून ते बनते. वरची फळी हलक्या लाकडाची आणि किंचित बाकदार, खालची कठीण लाकडाची आणि सपाट. त्यावर हरणाच्या शिंगाची पूड मिसळलेल्या लाखेचे थर चढवितात. पृष्ठभागावर एका कडेला शिंपल्याच्या तेरा टिकल्या बसविलेल्या असतात. कोठे बोट ठेवावे याची ती खूण. उजव्या हाताने तार छेडावयाची आणि डाव्या हाताच्या बोटाने तीच तार दाबून पुढे मागे घसरवावयाची. आपल्याकडील मींड आणि गमक ज्यांच्या कानांत आहेत, त्यांना हे वादन पहिल्या क्षणीच ओळखीचे वाटेल. तथापि एक गोष्ट निराळी आहे. तारेचा नाद विरून गेल्यावरही डावे बोट सरकतच राहते आणि रेशमाच्या तारेवर बोट घासल्याचा अस्फुट आवाज तेवढा ऐकू येतो. चिनी रसिक त्या आवाजालाही संगीतच मानतात.

या वाद्याचे वय किती, हे भूमीच्या पोटातून निघालेल्या वस्तूच सांगतात. हूनान प्रांतात मावांगदुई येथे ख्रिस्तपूर्व १६८ मधील एक कबर १९७३ साली खणली गेली. तिच्यात सात तारांचे एक वाद्य निघाले. त्याची घडण आजच्या वाद्यासारखी नाही; पण तारा सातच आहेत. थांग राजवटीच्या काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकांत, वाद्याला आजचे रूप आलेले होते. त्या काळची काही वाद्ये अजून शिल्लक आहेत. बेजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात आणि जपानमध्ये नारा येथील शोसोइन भांडारात ती जपून ठेवली आहेत.

चिनी विद्वानाच्या जीवनात या वाद्याला जे स्थान होते, ते केवळ करमणुकीचे नव्हते. सीमा छिएन या प्राचीन इतिहासकाराने कन्फ्यूशियसची एक कथा सांगितली आहे. कन्फ्यूशियस एका गुरूपाशी हे वाद्य शिकत होता. दहा दिवस झाले तरी तो एकच चीज वाजवीत राहिला. गुरू म्हणाला, आता पुढची घे. शिष्याने उत्तर दिले की चाल आली, पण तिचे कौशल्य अजून आले नाही. काही दिवसांनी गुरू पुन्हा तेच म्हणाला, तेव्हा शिष्याने सांगितले की कौशल्य आले, पण तिच्यातला भाव आला नाही. भाव आल्यावरही तो थांबला नाही. ती रचना करणारा माणूस कोण, तो मला अजून दिसत नाही, असे म्हणाला. अखेर एके दिवशी त्याला तो माणूस दिसला: सावळा, उंच, दूरवर दृष्टी लावलेला. हा राजा वेनच असला पाहिजे, असे त्याने सांगताच गुरू आसनावरून उठला आणि त्याने शिष्याला दोनदा वंदन केले. कारण ती रचना राजा वेनचीच, असे त्याच्याही गुरूने त्याला सांगितले होते.

कथा खरी की खोटी हा प्रश्न गौण आहे. शिकणे म्हणजे काय, याची चिनी कल्पना तिच्यात आहे. शिकणे म्हणजे स्वर उचलणे नव्हे; स्वरांच्या पलीकडे उभा असलेला माणूस ओळखणे. याच वाद्याभोवती दुसरी एक कथा गुंफली आहे. बो या वाजवी आणि झोंग झीछी ऐके. बो याच्या मनात पर्वत आला की झीछी म्हणे, केवढा उत्तुंग पर्वत! मनात पाणी आले की म्हणे, केवढे विशाल पाणी! झीछी वारला तेव्हा बो याने तारा तोडल्या आणि पुन्हा कधी वाद्याला हात लावला नाही. चिनी भाषेत जिवलग मित्राला आजही ‘झीयिन’, म्हणजे ‘नाद जाणणारा’, असे म्हणतात. व्हॉयेजरवर गेलेले ‘वाहते पाणी’ याच कथेचे नाव वागविते. भवभूतीने ज्या समानधर्म्याची वाट पाहिली, तोच हा झीयिन म्हणावयास हरकत नाही.

आता जपणुकीची गोष्ट. चिनी माणूस लिहिण्यात पटाईत. त्याने हे संगीतही लिहून ठेवले. पण त्याने स्वर लिहिले नाहीत, हाताच्या हालचाली लिहिल्या. कोणत्या बोटाने, कोणती तार, कोणत्या टिकलीपाशी दाबावी आणि उजव्या हाताने ती आत ओढावी की बाहेर ढकलावी, हे वाक्ये लिहून सांगावयाचे, अशी जुनी पद्धत. त्या पद्धतीची एकच रचना आज उपलब्ध आहे. तिचे नाव ‘यौलान’, म्हणजे ‘एकांतातील ऑर्किड’. सुमारे पाच हजार अक्षरांची ती हस्तलिखित गुंडाळी थांग काळातली आहे. चीनमध्ये तिचा मागमूस राहिला नव्हता. ती सापडली जपानमध्ये. १८८४ साली ती छापून प्रसिद्ध झाली आणि शेकडो वर्षांनी मायदेशी परत गेली. मूळ गुंडाळी आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चीनची ठेव चीनने गमावावी आणि शेजाऱ्याने सांभाळावी, हा प्रकार भारतीयांना अपरिचित नाही. संस्कृतात लुप्त झालेले कितीतरी बौद्ध ग्रंथ चिनी आणि तिबेटी भाषांतरांतूनच आपल्याला परत मिळाले आहेत.

पुढे या लांबलचक वाक्यांऐवजी अक्षरांचे तुकडे जोडून एकेक संक्षिप्त चिन्ह बनविण्याची युक्ती निघाली. परंपरा तिचे श्रेय थांग काळातील त्साओ रौ याला देते. एका चिन्हात डाव्या हाताचे बोट, जागा, तार आणि उजव्या हाताचा आघात एवढे सारे सामावले. मिंग राजवटीतील राजपुत्र झू छुआन याने १४२५ साली ‘शेनछी मीपू’ नावाचा संग्रह सिद्ध केला. त्यात साठांहून अधिक रचना आहेत. या राजपुत्राचा प्रामाणिकपणा ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्या रचना त्याने गुरूमुखातून शिकल्या होत्या, त्यांना त्याने वाक्यांचे विराम दिले. ज्या अतिप्राचीन रचना त्याच्या काळीच कोणी वाजवीत नव्हते, त्या त्याने पहिल्या भागात जशाच्या तशा, विराम न देता उतरविल्या. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आव त्याने आणला नाही.

आणि इथेच या लेखनपद्धतीची मर्यादा दिसते. बोट कोठे ठेवावे हे ती बिनचूक सांगते. तेथे किती वेळ थांबावे, हे मात्र सांगत नाही. तालाचे मोजमाप तिच्यात नाही. ते गुरूच्या हातात होते. गुरू गेला आणि शिष्य नसला, तर पोथी उरते, पण संगीत मुके होते. अशा मुक्या पोथीला बोलते करण्याच्या खटाटोपाला चिनी वादक ‘दापू’ म्हणतात. वादक चिन्हे वाचतो, बोटे ठेवतो, तीच ओळ शंभर प्रकारे वाजवून पाहतो, आणि हात जेथे सहजपणे वळतो तेथे रचनाकाराचा श्वास असावा, असे अनुमान बांधतो. मोठ्या रचनेला यासाठी वर्षे लागतात.

अशा पुनरुज्जीवनाचे सर्वांत विख्यात उदाहरण ‘ग्वांगलिंग सान’ या रचनेचे. तिसऱ्या शतकातील जी कांग हा कवी, तत्त्वज्ञ आणि मनस्वी पुरुष. सत्ताधाऱ्यांचा त्याच्यावर रोष झाला आणि त्याला देहांताची शिक्षा झाली. त्याला सोडावे, आम्हाला तो गुरू म्हणून हवा, अशी राजविद्यालयातील तीन हजार विद्यार्थ्यांनी विनंती केली, ती फेटाळली गेली, असे जुन्या इतिहासात नमूद आहे. वधस्थानी त्याने सावली किती लांबली ते पाहिले, वाद्य मागविले आणि ‘ग्वांगलिंग सान’ वाजविले. एकाने पूर्वी ही रचना शिकविण्याची विनवणी केली असता आपण नकार दिला, आता ती आपल्याबरोबरच संपणार, एवढीच खंत त्याने बोलून दाखविली. मरणाचे दुःख नाही, विद्या पुढे न दिल्याचे दुःख! गुरु-शिष्य परंपरेच्या देशात या खंतीचे स्पष्टीकरण करण्याची गरज नाही.

रचनेचे नाव मात्र मेले नाही. झू छुआनच्या संग्रहात, त्या विराम नसलेल्या पहिल्या भागातच, ४५ खंडांची ‘ग्वांगलिंग सान’ आहे. जी कांगने वाजविली ती हीच, असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकणार नाही. पण पोथीचे पान समोर होते आणि ते शतकानुशतके मुके पडले होते. १९५० नंतरच्या काळात ग्वान पिंगहू यांनी ते हाती घेतले. सूजौ येथे १८९७ साली जन्मलेला हा माणूस चित्रकाराचा मुलगा, स्वतः चित्रकार, आणि आयुष्याचा मोठा भाग त्याने दारिद्र्यात काढलेला. बेजिंगच्या संगीत-संशोधन संस्थेत आल्यावर त्यांनी ‘ग्वांगलिंग सान’ आणि ‘यौलान’ या दोन्ही रचनांना वाचा फोडली. आज जगभर जे वादक या रचना वाजवितात, ते बहुतेक त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच जातात.

त्याच सुमारास झा फूशी या दुसऱ्या जाणकाराने वेगळे काम केले. वादक किती उरले आहेत, हे कोणालाच माहीत नव्हते. १९५६ साली ते शू जिएन आणि वांग दी या दोन तरुण सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन निघाले आणि गावोगाव फिरले. त्यांना ऐंशीहून अधिक वादक भेटले आणि अडीचशेहून अधिक वादने त्यांनी मुद्रित केली. केवढ्या प्रचंड देशात केवढी लहान संख्या! त्यांनीच जुन्या पोथ्यांच्या एकत्रित प्रकाशनाचाही पाया घातला. त्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६३ साली निघाला आणि तीस खंडांचे कार्य पुरे व्हावयास २०१० साल उजाडावे लागले.

मध्यंतरी काय झाले, हे उघड आहे. १९६६ साली सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. दहा वर्षे जुन्या गोष्टींवर कुऱ्हाड चालली. गूछिन हे सरंजामी पंडितांचे वाद्य ठरले. वाद्ये जाळली गेली, पोथ्या नष्ट झाल्या, वादकांची मानहानी झाली. ग्वान पिंगहू १९६७ साली वारले, झा फूशी १९७६ साली. त्यांच्या फिरतीत मुद्रित झालेल्या त्या फिती नसत्या, तर कित्येक घराण्यांचा हात आज कोणाच्याही कानावर पडला नसता. दहा वर्षे आधी कोणीतरी फिरतीवर निघाला, एवढ्या एका बारीक धाग्यावर ती परंपरा तगली.

चिनी संस्कृती पाच हजार वर्षे अखंड आहे, असे वारंवार म्हटले जाते. अखंड या शब्दाचा अर्थ या इतिहासाकडे पाहून ठरविला पाहिजे. नदी अखंड वाहते तशी ही परंपरा वाहिलेली नाही. ती तुटली, हरवली, परदेशात सापडली, जळाली आणि पुन्हा जोडली गेली. सूत कातताना कापसाचा कोणताही तंतू बोटाच्या दोन पेरांहून फारसा लांब नसतो. तरी सूत कोसभर निघते, कारण एक तंतू संपण्यापूर्वी दुसरा त्याच्याशी पिळला जातो. संस्कृतीचे अखंडत्व ते एवढेच. पीळ देणारा हात एका पिढीपुरता जरी थांबला, तरी सूत तुटते.

हे भान चिनी कलावंतांना पूर्वीही होते. खुनछू या सुकुमार नाट्यप्रकाराची गोष्ट पाहावी. सोळाव्या शतकात सूजौच्या परिसरात तो बहरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मरणपंथाला लागला. १९२१ साली सूजौ येथे काही रसिकांनी पदरमोड करून एक शाळा काढली आणि चाळीसहून अधिक मुलांना तेथे शिक्षण दिले. प्रत्येक मुलाच्या रंगभूमीवरील नावात ‘छुआन’ हे अक्षर घातले. छुआन म्हणजे पुढे देणे. या मुलांना पुढे फार हलाखीचे दिवस काढावे लागले. परंतु १९५६ साली त्यांच्यापैकीच वांग छुआनसुंग आणि झौ छुआनयिंग यांनी ‘पंधरा माळा नाण्यांच्या’ हे जुने नाटक नव्याने रंगभूमीवर आणले, आणि एका नाटकाने एक नाट्यप्रकार वाचविला, असे त्या वेळी देशभर म्हटले गेले. ज्यांच्या नावातच परंपरा गोवली होती, त्यांनी ते नाव सार्थ केले.

पुढे जगाचेही लक्ष या अदृश्य ठेव्याकडे गेले. युनेस्कोने २००१ साली मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाच्या उत्कृष्ट नमुन्यांची पहिली घोषणा केली. त्या पहिल्या १९ नावांत चीनचे खुनछू होते आणि भारताचे, केरळमधील कूडियाट्टमही होते. २००३ सालच्या दुसऱ्या घोषणेत गूछिन आले. आणि त्याच यादीत भारतातील वेदपठणाची परंपराही आली. त्याच वर्षी अमूर्त वारशाच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. चीनने २००४ साली आणि भारताने २००५ साली त्याला मान्यता दिली.

गूछिन आणि वेदपठण एकाच वेळी सन्मानित व्हावे, हा योगायोग उद्बोधक आहे. दोन्ही संस्कृतींपुढे प्रश्न एकच होता: नाद कसा टिकवावा? चीनने हाताच्या हालचाली कागदावर उतरविल्या. भारताने कागदावर विश्वास ठेवला नाही. पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचून एकेका शब्दाला पुढच्या-मागच्या शब्दांशी असे गुंतविले की एक मात्राही निसटू नये. पोथी जळू शकते, तसे कंठही मौन होऊ शकतात. शेकडो वेदशाखांपैकी आज १३ च उरल्या आहेत, आणि ज्यांचे भवितव्य धोक्यात आहे असे युनेस्कोने नमूद केले, त्या चार परंपरांत महाराष्ट्रातील परंपरेचाही समावेश आहे. कागद असो वा कंठ, शेवटी शिष्य हवा, या एकाच ठिकाणी दोन्ही मार्ग येऊन मिळतात.

या दोन देशांचा धागा खुद्द गूछिनच्या संगीतातही गुंफलेला आहे. पूआन नावाच्या बाराव्या शतकातील बौद्ध भिक्षूच्या नावावर एक मंत्र प्रसिद्ध आहे. १५९२ सालच्या एका संग्रहात तो गूछिनच्या रचनेसह आढळतो आणि ती रचना आजही मोठ्या आवडीने वाजविली जाते. मंत्राची अक्षरे चिनी, पण ती मोठ्याने म्हणून पाहिली की मराठी कान चपापतो. कारण आधी क-वर्ग, मग च-वर्ग, मग ट, त आणि प, असा तो आपल्या मुळाक्षरांचाच क्रम आहे! भारतातून गेलेल्या भिक्षूंनी चीनला संस्कृत वर्णमाला शिकविली, तिला तेथे ‘सिद्धम्’ याच शब्दावरून नाव पडले. या रचनेच्या दुसऱ्या नावाचे मूळही अभ्यासक त्याच शब्दात शोधतात. आपल्याकडे जुन्या काळी मुलाला धूळपाटीवर पहिली अक्षरे गिरवावयास देत, ती ‘ओनामासीधं’, म्हणजे ‘ॐ नमः सिद्धम्’. महाराष्ट्रातील धूळपाटी आणि चिनी पंडिताचे वाद्य यांच्यामध्ये एवढे एकाच शब्दाचे अंतर आहे.

या नात्याचा मागोवा घेणाऱ्यांत रॉबर्ट फान खुलिक या डच पंडिताचे नाव अग्रभागी येते. राजनैतिक अधिकारी म्हणून आलेला हा माणूस बेजिंगमध्ये ये शिमंग या वृद्ध वादकापाशी गूछिन शिकला. ग्वान पिंगहू यांच्याही गुरूंपैकी हेच एक गुरू. १९४० साली फान खुलिक यांनी या वाद्याच्या परंपरेवर तोक्योत ग्रंथ प्रसिद्ध केला; पुढे ते काही वर्षे दिल्लीच्या डच वकिलातीत होते, आणि चीन-जपानमधील संस्कृत अध्ययनाचा इतिहास सांगणारा त्यांचा ‘सिद्धम्’ हा ग्रंथ १९५६ साली निघाला तो नागपूरहून. दोघे गुरुबंधू वारले तेही एकाच वर्षी, १९६७ साली.

आता आजच्या स्थितीकडे वळावे. २००३ साली गूछिन युनेस्कोच्या यादीत आले तेव्हा उत्तम शिकलेले वादक एक हजारही नव्हते आणि खरे गुरू जेमतेम पन्नास असतील, असे सांगितले जात होते. हजारो रचनांपैकी वाजविल्या जाणाऱ्या रचना शंभराच्या आसपास राहिल्या होत्या. नंतर चीनने मोठ्या जोमाने काम हाती घेतले. २००६ साली ५१८ कलाप्रकारांची पहिली राष्ट्रीय यादी जाहीर झाली. २०११ साली अमूर्त वारशाचा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याने ‘प्रातिनिधिक वारसदार’ नेमले जातात. त्यांनी शिष्य तयार करावेत अशी अट आहे, आणि सबळ कारणावाचून तसे न केल्यास पद काढून घेतले जाते. २०२४ अखेर युनेस्कोच्या याद्यांत चीनच्या ४४ गोष्टी होत्या. इतक्या दुसऱ्या कोणत्याही देशाच्या नव्हत्या.

याचे फळ दिसले. वाद्य शिकणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, शहरोशहरी वर्ग निघाले, परीक्षा सुरू झाल्या, कारखान्यांतून वाद्ये येऊ लागली. आनंदाचीच गोष्ट. परंतु जाणत्यांना एक चिंताही आहे. हे वाद्य चार-दोन मित्रांच्या बैठकीसाठी जन्मले. आता ते भव्य सभागृहात, ध्वनिवर्धकासमोर वाजते. पूर्वी प्रत्येक वादकाचा ‘दापू’ वेगळा असे. परीक्षेला मात्र एकच छापील पाठ लागतो. तारांचीही हीच कथा. १९६० नंतरच्या दशकात रेशमाऐवजी पोलादी तारेवर नायलॉन गुंडाळलेल्या तारा आल्या. त्या तुटत नाहीत, मोठ्याने वाजतात. पण बोट घासल्याचा तो अस्फुट निःश्वास त्यांच्यात तसा उमटत नाही. एक पिढी रेशमाचा नाद न ऐकताच वाढली. सुदैवाने काही हट्टी वादकांनी आणि कारागिरांनी जुन्या रीतीने रेशमाच्या तारा पुन्हा वळविल्या, आणि आता निवड करणे वादकाच्या हाती आले आहे.

यादी स्मरण करून देते, कायदा आश्रय देतो, ध्वनिमुद्रिका साक्ष देते. या तिन्ही गोष्टी हव्यातच. पण ‘ग्वांगलिंग सान’ त्यांपैकी कशानेही जिवंत झाले नाही. एका अपरिचित लेखकाने जे ऐकले ते लिहून ठेवले. एका राजपुत्राने जे कळले नाही ते न बदलता उतरविले. एका निर्धन चित्रकाराने वर्षानुवर्षे तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजविली. आणि आज कोठे तरी कोणी विद्यार्थी ती ओळ शिकत आहे. जी कांगने वधस्थानी जी खंत बोलून दाखविली, तिचे निवारण व्हावयास बाराशे वर्षांनंतरचा एक संग्राहक आणि सतराशे वर्षांनंतरचा एक वादक लागला. तेवढा काळ वाट पाहण्याचे भाग्य प्रत्येक रचनेला लाभत नाही. ज्याला आज येते त्याने आज शिकवावे, आणि ज्याला ऐकू येते त्याने आज शिकावे, एवढाच त्या सात तारांचा निरोप आहे.